सावली हाही वेतनाचाच भाग

(सोलापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



झाडांविषयी बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या माणसाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. बागा हा शोभेचा विषय आहे असे आपण मानत आलो आणि तो सुखवस्तू वस्त्यांच्या हवाली करून मोकळे झालो. ही आपली चूक होती.

सोलापूरला उन्हाळा नवा नाही. पर्जन्यछायेतल्या या शहरात पारा चाळिशी ओलांडतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. परंतु पृथ्वीच्या तापमानवाढीने उष्णतेच्या लाटा वारंवार व अधिक तीव्रतेने येऊ लागल्या आहेत. शिवाय सिमेंट आणि डांबर दिवसभर शोषलेली उष्णता रात्री बाहेर टाकतात. त्यामुळे रात्रीही विसावा नाही. ऊन सर्वांवर सारखे पडते, पण सर्वांना सारखे लागत नाही. पूर्व भागातील विडी कामगार स्त्री पत्र्याखाली बसून विड्या वळते. पंखा लावावा तर तंबाखू उडतो. तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. दुपारी हात मंदावले की मजुरी घटली. यंत्रमागावरील कामगाराचीही हीच गत. ही वेतनकपात कोणत्याही करारात लिहिलेली नाही, आणि म्हणून तिच्याविरुद्ध संपही होत नाही.

दारातला कडुनिंब भिंतीवर ऊन पडू देत नाही आणि पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवा थंड करतो. श्रीमंत माणूस हाच गारवा यंत्राने विकत घेतो व आपली उष्णता शेजाऱ्याच्या अंगावर सोडतो. गरिबाला तो सार्वजनिक मार्गानेच मिळू शकतो. या अर्थाने सावली हा वेतनाचाच भाग आहे.

मग झाडांना जागा का मिळत नाही? कारण जमिनीला भाव आहे, सावलीला नाही. मुंबईत १९९१च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग खुल्या जागेसाठी आणि तेवढाच सार्वजनिक गृहनिर्माणासाठी ठेवला होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती आकुंचित केली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. गिरण्यांच्या जोरावर वाढलेल्या सोलापूरने यातून बोध घ्यावयास हवा. आपल्याकडे जागा निसटण्याची वाट अधिक निःशब्द आहे. १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७नुसार बागेसाठी आरक्षित जमीन १० वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. लढाई होतच नाही. मुदत तेवढी टळते.

जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे झाडांना ते कोठून आणावे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आपल्याला हिरवळीचे गालिचे नकोत. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज हवेत. पहिली दोन-तीन वर्षे शुद्ध केलेले सांडपाणी त्यांना पुरेल, उजनीचे पाणी खर्चावे लागणार नाही. आणि बाग भर दुपारी, जेव्हा सावलीची गरज असते, तेव्हाच कुलूपबंद नसावी.

एक इशाराही देतो. बागेच्या नावाखाली झोपडी उठवली जात असेल, तर आपण झोपडीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पर्यायी घर आधी, बाग नंतर. तसेच केवळ झाडांनी तापमानवाढ थांबणार नाही. कोळसा जाळणे कमी व्हावे ही मागणी सोडता येणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील आरक्षित जागांची यादी आणि त्यांच्या मुदती नोंदवाव्यात. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये तोडीच्या नोटिसांवर हरकती घ्याव्यात. किती रोपे लावली हे न विचारता किती जगली हे विचारावे. अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला. तसा आराखडा येथे मागताना, अतिउष्ण दिवसांत बुडालेल्या मजुरीच्या भरपाईची मागणी त्यात आपण घातली पाहिजे. ही मागणी आपल्याखेरीज दुसरे कोणी घालणार नाही.