मांजऱ्या चावला म्हणून घरी बसू नका



सोयाबीनची काढणी सुरू झाली, की गंजीखाली, धुऱ्यावर साप दिसू लागतात. हळदीच्या पाण्यासाठी रात्रीची लाईट असली, म्हणजे अंधारातच शेत गाठावे लागते. कळमनुरीकडच्या गावांत मग हमखास विचारणा होते, "साहेब, मांजऱ्या विषारी असतो का हो? तो चावला तर माणूस दगावतो का?" आज याच प्रश्नाचा विचार करू.

सापांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी. घोणशीला काही गावांत परड म्हणतात. मांजऱ्या आणि हरणटोळ हे मधले, म्हणजे निमविषारी.

हा फरक मुख्यतः दातांचा आहे. नागाचे विषदंत तोंडात पुढे असतात आणि इंजेक्शनच्या सुईसारखे पोकळ असतात. एका झटक्यात विष अंगात जाते. मांजऱ्याचे विषाचे दात मागे, डोळ्यांच्या खाली असतात आणि त्यांना नुसती खाच असते. विष त्या खाचेतून ओघळते. भक्ष्य तोंडात धरून तो चावत राहिला, तरच ते नीट जखमेत उतरते. हे विषही पाल, सरडा लुळा पाडण्यापुरतेच. माणसाला चावला तर जागा सुजते, दुखते, खाजते आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतार पडतो. निरोगी माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. हरणटोळाचेही तसेच. तो झाडावरून उडी घेऊन टाळू फोडतो, ही समजूत साफ खोटी आहे.

म्हणजे काळजीचे कारण नाही का? आहे. तो साप मांजऱ्याच होता, हे ठरवले कोणी?

मांजऱ्या आणि फुरसे यांत भले भले फसतात. दोघांचाही रंग मातकट, दोघांच्या अंगावर नक्षी, दोघांचीही बाहुली मांजरीसारखी उभी, आणि डिवचले तर दोघेही वेटोळे करून अंगावर येतात. दिवसा, शांतपणे पाहिले तर फरक कळतो. मांजऱ्या सडपातळ, लांब, मान बारीक आणि शेपूट लांब. फुरसे आखूड, अंगाने जाडसर, शेपूट तोकडे. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. पण रात्री बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला हे कुठे दिसणार? फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. "मांजऱ्याच होता, झोप आता" एवढ्या एका वाक्याने घरातला माणूस जाऊ शकतो.

शिवाय मागे दात असलेले जगातले सगळेच साप सौम्य नाहीत. आफ्रिकेतला बूमस्लँग हा असाच साप. १९५७ साली शिकागोमध्ये कार्ल श्मिट या नामांकित सर्पतज्ज्ञाला त्याचे पिल्लू चावले. श्मिट यांनी दवाखाना गाठला नाही, आपल्याला काय काय होते आहे ते वहीत लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. तो साप आपल्याकडे नाही. पण जाणत्या माणसाचाही अंदाज चुकतो, एवढे यातून घ्यावे.

आता मंत्र-उताऱ्याविषयी. चावलेल्याला मारोतीच्या पारावर नेतात, कडुनिंबाचा पाला खायला घालतात, कडू लागला तर विष चढले नाही म्हणतात. साप बिनविषारी किंवा मांजऱ्या असेल, तर माणूस बरा होणारच होता. त्याचे श्रेय मंत्राला मिळते आणि त्याच भरवशावर पुढचा मण्यारीचा रोगी उशिरा दवाखान्यात पोचतो.

तेव्हा कोणताही साप चावला तरी एवढे करा :

१. चावलेल्या माणसाला धीर द्या, चालू देऊ नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा.

२. अंगठी, कडे, तोडे, करगोटा लगेच काढा. सूज आली की ते रुततात.

३. दोरीने आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने विष चोखू नका.

४. १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

५. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. दुसरा माणूस चावला जातो.

दवाखान्यात डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे ठेवतात. रक्त गोठते की नाही, पापण्या जड होतात का, सूज वाढते का, हे पाहून औषध ठरते. आपल्याकडची सर्पविषावरची लस वरच्या चार विषारी सापांसाठी आहे. मांजऱ्याला ती लागत नाही, आणि गरज नसताना दिली तर तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून "आधी लस टोचा" असा हट्ट धरू नका. पण डॉक्टर थांबा म्हणतील तितका वेळ, एक दिवस-रात्र लागली तरी, तिथेच थांबा.

रात्री शेतात जाताना पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी असू द्या. गंजीत एकदम हात घालू नका. घरात जमिनीवर झोपण्यापेक्षा बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. घराच्या आढ्याला मांजऱ्या दिसला तर तो पालींसाठी आला आहे. त्याला डिवचू नका, जाणकार सर्पमित्राला बोलवा.

मांजऱ्याला भिऊ नका. पण "मांजऱ्याच होता" हे सांगण्याचे काम डॉक्टरांवर सोडा.