पोटात कळ आणि रक्त : दर वेळी मूळव्याध नसते

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)

२५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, तेव्हा आपण बहुतेक जण चाळिशीत होतो. आता पासष्टीत आहोत, म्हणून हा विषय.

शौचावाटे रक्त गेलं की आपल्याकडे निदान तयारच असतं : "मूळव्याध असेल, उष्णता झालीय." मग मलम, ताक आणि चार दिवस वाट बघणं. पण मूळव्याधीत पोटात कळ बहुधा येत नाही. अचानक डाव्या बाजूला मुरडा, संडासची घाई आणि दिवसभरात लाल किंवा काळपट लाल रक्त, असा क्रम असेल तर मोठ्या आतड्याला रक्तपुरवठा कमी पडलेला असू शकतो. याला इस्केमिक कोलायटिस म्हणतात.

शेतीवाल्या घरातल्यांना हे लगेच कळेल. मोठ्या आतड्याला दोन मुख्य रक्तवाहिन्या पाणी देतात, दोन कालव्यांसारख्या. दोन्हींचा टेल डाव्या बरगडीखाली, प्लीहेजवळच्या वळणावर येतो. आवर्तन कमी झालं की आधी टेलचं शेत वाळतं. तेच इथे होतं.

आवर्तन कमी का होतं? जुलाब-उलट्या, बीपी एकदम उतरणं, हृदयविकार, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ऊठसूट घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. जुनाट बद्धकोष्ठही भर घालतं. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर पायी येणारे भाविक आपण बघतो. उतारवयात भर उन्हात, त्यात उपास! श्रद्धेबद्दल काही म्हणणं नाही. पण मीठ घातलेलं लिंबूसरबत देवीला चालतं हो.

बहुतेकांना सलाईन आणि आतड्याला विश्रांती दिली की काही दिवसांत बरं वाटतं. थोड्यांचं मात्र आतडं सडायला लागतं, ऑपरेशन करावं लागतं. आपण कुठल्या गटात, हे घरी बसून कळत नाही. सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीने कळतं. म्हणून त्याच दिवशी दवाखाना. पोट कडक झालं, ताप किंवा चक्कर आली तर रात्री दोनलाही १०८ ला फोन करा, मुलांच्या झोपेचा विचार करू नका.

एका काकूंनी विचारलं, इसबगोल चालेल का? बद्धकोष्ठाला जरूर, भरपूर पाण्याबरोबर. कळ आणि रक्त सुरू असताना मात्र नाही, एरंडेल तर नाहीच. आणि बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. जुलाब-उलट्या असतील त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं.