हातातला रेडिओ मुका राहू नये

(पंचायत सचिव, तलाठी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या आपत्ती-निवारण मेळाव्यात केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला की आपण घराची कौले चाळतो, गटारे उपसतो, जळाऊ लाकडे पडवीत रचतो आणि पुरुमेंताची बेगमी करतो. संकट येईलच असे नाही. परंतु आलेच तर घरात चार गोष्टी हाताशी असाव्यात, एवढे शहाणपण त्यामागे असते. आज मी आपल्यासमोर जो विषय मांडणार आहे, तो याच शहाणपणाच्या जातीचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आज स्मार्टफोन आहे. त्या फोनमध्ये आकाशवाणी थेट लहरींवरून ऐकण्याची सोय असावी की नाही, आणि असल्यास आपत्तीच्या प्रसंगी ती जनतेच्या उपयोगी कशी पडेल, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो कारखानदारांचा व तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक घराचा प्रश्न होतो.

वादळानंतरचे मौन

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाचा अनुभव आपल्याला नवा नाही. झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब व तारा कोसळल्या, अनेक गावे अंधारात बुडाली आणि फोनची सेवाही ठिकठिकाणी विस्कळीत झाली. ओडिशाच्या किनाऱ्यावर ३ मे २०१९ रोजी फनी चक्रीवादळ आदळले. त्यापूर्वी तेथील शासनाने दहा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी हलवले, ही मोठी कामगिरी होती. तथापि वादळ ओसरल्यावर पुरी व भुवनेश्वर परिसरातील दूरध्वनी व वीजव्यवस्था कोलमडली आणि लोकांना एकमेकांची खबर मिळेना. परदेशातील उदाहरण याहूनही बोलके आहे. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया नावाचे वादळ प्वेर्तो रिको बेटावर येऊन थडकले. त्यानंतर तेथील मोबाईल मनोऱ्यांपैकी शेकडा ९५ हून अधिक बंद पडले.

माहितीचा दुष्काळ पडला की त्या जागी अफवा उगवते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याने माणसे दगावली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु दोनच दिवसांनी एका वस्तीत पाण्याचा लोंढा येत असल्याची खोटी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे प्राणास मुकली, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्या घटकेला विश्वासू आवाजातील एक वाक्य त्या वस्तीत पोहोचले असते, तर कदाचित ते जीव वाचले असते.

मनोरा आणि प्रक्षेपक

मोबाईल फोनची सेवा आणि रेडिओची सेवा यांतील मूलभूत भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. मोबाईलचा एक मनोरा थोड्याच परिसराला सेवा पुरवतो. म्हणून एका तालुक्यासाठी असे कितीतरी मनोरे लागतात. प्रत्येकाला वीज हवी; वीज गेली तर बॅटरी काही तास साथ देते. शिवाय मनोऱ्याला जोडणारी तार वा केबल तुटली की उभा असलेला मनोराही निकामी होतो. त्यातच हजारो लोक एकाच वेळी बोलू लागले की सेवा तुंबते.

रेडिओचे तसे नाही. एक प्रक्षेपक दूरवरच्या अनेक गावांना आवाज पुरवतो. तो एक जिवंत राहिला, त्याच्यापाशी जनित्र व इंधन असले, की सर्व परिसर ऐकू शकतो. ऐकणारे शंभर असोत वा एक लाख, प्रक्षेपकावर त्याचा कोणताही भार पडत नाही. ऐकण्यासाठी सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, पैसाही पडत नाही.

रेडिओच्या या सामर्थ्याची साक्ष गोमंतकाच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. सीमा बंद होती, वृत्तपत्रांवर बंधने होती. तरीही जंगलातील तो आवाज गोव्यातील घराघरांत पोहोचत होता. ज्या माध्यमाने सीमा ओलांडली, ते माध्यम आज तुटलेल्या तारा ओलांडू शकते.

सोय गेली कशी?

स्मार्टफोनमध्ये ज्या चिपवर ब्लूटूथ व वाय-फाय चालते, तिच्यातच पुष्कळदा एफ.एम. लहरी पकडण्याची क्षमता समाविष्ट असते. तिला फक्त अँटेना हवी असते. एफ.एम. लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असल्याने इअरफोनची तारच अँटेनाचे काम करते. पुढे अनेक कंपन्यांनी इअरफोनचे छिद्र काढून टाकले आणि बिनतारी इअरफोन आले. काही संचांत चिप असूनही तिची जोडणी केली गेली नाही. परिणामी साध्या बटणांच्या स्वस्त फोनमध्ये रेडिओ मिळतो आणि महागड्या फोनमध्ये मिळत नाही, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली.

ही सोय मागाहून घालता येत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. २०१७ च्या वादळांनंतर अमेरिकेतील दळणवळण आयोगाच्या अध्यक्षांनी अॅपल कंपनीला रेडिओ सुरू करण्याचे जाहीर आवाहन केले. त्यावर कंपनीने उत्तर दिले की, आयफोन ७ व ८ या संचांत एफ.एम. चिपही नाही आणि अँटेनाही नाही; सबब ते शक्य नाही. यावरून बोध असा की, हा निर्णय संच घडवतानाच व्हावयास हवा. वादळ आल्यावर तो करता येत नाही.

आपल्या देशात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये उत्पादकांच्या संघटनांना सूचनापत्र पाठवले. ज्या संचात एफ.एम. ग्रहणाची सोय आहे, तेथे ती बंद ठेवू नये. जेथे नाही, तेथे ती समाविष्ट करावी, असा त्याचा आशय होता. आपत्तीकाळातील उपयोग हे त्यामागील एक प्रमुख कारण म्हणून नमूद केले होते. पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु सल्ला हा सल्लाच असतो. २०१६ साली केंद्र शासनाने नियम करून प्रत्येक मोबाईल संचात संकटसमयी दाबावयाचे बटण १ जानेवारी २०१७ पासून सक्तीचे केले, तेव्हा उत्पादकांनी ते पाळले. संकटात हाक मारण्याची सोय सक्तीची होऊ शकते, तर संकटात हाक ऐकण्याची सोय सक्तीची का होऊ नये? माझे नम्र मत असे की, ती व्हावी.

आक्षेपांचा विचार

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, आता धोक्याच्या सूचना थेट फोनवर येतात. खरे आहे. २०२३ साली देशभर अशा सूचनांच्या चाचण्या झाल्या. मोठा आवाज करून फोन खणखणले, ते आपण अनुभवले असेल. झोपलेल्या माणसाला जागे करण्याचे काम ही व्यवस्था उत्तम करते; रेडिओ ते करू शकत नाही, कारण तो आधी कोणीतरी लावावा लागतो. परंतु ही सूचनाही मनोऱ्यामार्फतच येते. म्हणजे वादळापूर्वीचा इशारा मनोऱ्याने द्यावा आणि मनोरा पडल्यानंतरचे मार्गदर्शन रेडिओने करावे, अशी ही कामाची वाटणी आहे. कोणता रस्ता खुला आहे, पिण्याचे पाणी कोठे मिळेल, धरणातून पाणी केव्हा सोडणार, औषधे कोठे आहेत, हे प्रश्न आपत्तीनंतरच्या दोन-तीन दिवसांत उद्भवतात.

दुसरा आक्षेप असा की, आकाशवाणी तर अॅपवरही ऐकता येते. येथे पुष्कळांची गफलत होते. अॅपवरील आकाशवाणी इंटरनेटमधून येते. इंटरनेट गेले की तीही जाते. चिप व अँटेना यांच्या साहाय्याने लहरी पकडणारा तोच खरा रेडिओ.

तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे. एफ.एम. लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की आवाज क्षीण होतो. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील दऱ्याखोऱ्यांत तो सर्वत्र सारखा पोहोचेल, असे म्हणता येणार नाही. खोल समुद्रात गेलेल्या होड्यांनाही त्यावर विसंबता येणार नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र बिनतारी संचच हवेत. दूरवर पोहोचणाऱ्या मध्यम लहरी फोनमध्ये मिळत नाहीत. तसेच प्रसारण केंद्रही संकटापासून मुक्त नसते. २०१४ च्या महापुरात श्रीनगरच्या नभोवाणी केंद्रातच पाणी शिरले आणि प्रसारण खंडित झाले. म्हणून केवळ फोनमध्ये चिप घातली म्हणजे काम भागले, असे समजणे चूक ठरेल. केंद्र उंच व सुरक्षित जागी हवे, त्याच्यापाशी इंधनाचा साठा हवा, आणि मुख्य म्हणजे त्यावरून स्थानिक माहिती, स्थानिक भाषेत, ठरलेल्या वेळी मिळावयास हवी. वादळाच्या दिवशी केंद्रावरून नुसती गाणी लागली, तर हाती रेडिओ असून उपयोग काय?

आपण काय करावे?

नियम करणे शासनाच्या हाती आहे. परंतु काही गोष्टी आपल्याही हाती आहेत. अधिकारी बंधूंना माझी विनंती अशी की, कार्यालयीन उपयोगासाठी फोन खरेदी करताना एफ.एम. ग्रहणाची अट निविदेत घालावी. तलाठी, पंचायत सचिव व अंगणवाडी सेविका यांच्या हाती रेडिओ असलेला फोन आला, तर प्रत्येक गावात किमान दोन-चार माणसे ऐकणारी राहतील.

शिक्षक बंधुभगिनींनी पावसाळ्यापूर्वी एक तास या कामी खर्च करावा. मुलांकडून घरच्या फोनमध्ये रेडिओ आहे की नाही हे तपासून घ्यावे. इंटरनेट बंद करूनही आवाज येतो का, ही त्याची सोपी कसोटी. जवळच्या केंद्राची कंप्रता शाळेच्या भिंतीवर व पंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावी. विज्ञानाच्या तासाला शिकवलेल्या लहरी त्या दिवशी मुलांना प्रत्यक्ष ऐकू येतील.

ग्रामस्थांनी तारेचा एक इअरफोन घरात जपून ठेवावा. बिनतारी इअरफोन अँटेनाचे काम करीत नाही. मनोरा शोधण्यात फोनची बॅटरी वाया जाते. म्हणून संपर्क तुटल्यावर फोन विमान-स्थितीत ठेवावा. त्या स्थितीतही रेडिओ चालतो का, हे आजच पाहून ठेवावे. ज्यांच्या फोनमध्ये ही सोय नाही, त्यांनी सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्यावा. त्यावर मध्यम लहरीही मिळतात. ऐकलेली बातमी शेजारच्या वृद्धांना व एकट्या राहणाऱ्यांना सांगणे, हेही आपलेच कर्तव्य.

मित्रहो, पुरुमेंतात आपण तांदूळ, मिरची, आमसुले आणि सुकी मासळी भरून ठेवतो, कारण पावसात बाजार बंद पडला तरी घरातील चूल पेटती राहावी. त्याच यादीत यंदा आणखी एक जिन्नस लिहून ठेवावा: संकटात ऐकू येणारा एक विश्वासाचा आवाज. तो आपल्या फोनमध्ये असावा, हा आपला आग्रह शासनाने ऐकावा आणि उत्पादकांनी मान्य करावा, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.