साचाखात्याचे दार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





आज रविवार आहे. रविवार म्हणून आपण सगळे इथे जमू शकलो. बायाबापड्यांनी स्वयंपाक लवकर उरकला, मुलांना शाळा नाही, नोकरदारांना कचेरी नाही. दर रविवारी सकाळी आपली वंदना होते ती याच सुटीच्या जोरावर. तर आमचा पहिला प्रश्न बालमित्रांना आहे. ही रविवारची सुटी आपल्याला कोणी दिली?

गेल्या खेपेला हा प्रश्न आम्ही चाळीतल्या पोरांना विचारला, तेव्हा एक म्हणाला, "सरकारने." दुसरा म्हणाला, "इंग्रजांनी." एकानेही सांगितले नाही की ती गिरणी कामगारांनी मागून, भांडून मिळवली. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली इथेच, परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली. आठवड्याला एक दिवस सुटी द्या, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. मालकांनी ती मान्य करायला १८९० साल उजाडले. सहा वर्षे लागली! सभेची ती जागा इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि आपल्या मुलांना ते ठाऊक नाही. यात मुलांचा दोष नाही. आम्ही मोठ्यांनी ते सांगितलेच नाही.

म्हणून आज धम्मावर बोलण्याऐवजी, म्हणजे धम्माला धरूनच, आपल्या आजोबा-पणजोबांच्या इतिहासावर चार शब्द बोलावे असे आम्ही ठरवले आहे.

मित्रहो, आपली माणसे परळला का आली? कोकणातून आली, घाटावरून आली. गावाला जमीन नाही, असली तर खोताची. पोटाला भाकर नाही आणि विहिरीवर पाणी नाही. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली, पुढे गिरण्यांवर गिरण्या निघाल्या, आणि भोंग्याच्या आवाजाने गावोगावचा माणूस इकडे ओढला गेला. १८९६ साली प्लेगची साथ आली. तिच्या धास्तीने सरकारने १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टच्या चाळी म्हणजे आपल्या बी. आय. टी. चाळी. दहा बाय दहाची खोली, मजल्याला सामाईक नळ, सामाईक संडास, आणि एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे. एकाची पाळी सुटली की दुसरा त्याच वाकळेवर अंग टाकायचा.

पोयबावडीच्या अशाच एका बी. आय. टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत परमपूज्य बाबासाहेब बावीस वर्षे राहिले. १९१२ ते १९३४! कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस आपल्यासारखाच सामाईक नळावर पाणी भरणाऱ्यांत राहत होता. माता रमाईने दारिद्र्याचे दिवस काढले ते तिथेच. 'मूकनायक' १९२० साली निघाला त्याची कचेरी पोयबावडीला. ९ मार्च १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी पहिली बैठक भरली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये, आणि पुढे तिची कचेरीही तिथेच होती. तेव्हा आपण परळकर आहोत ही साधीसुधी गोष्ट नाही, बरं का!

आता मुख्य गोष्ट. गिरणीत काम मिळाले, पण गिरणीच्या आतसुद्धा गाव होतेच. गिरणीत अनेक खाती. सूत काढायचे रिंग खाते, सूत गुंडाळायचे वाइंडिंग खाते, आणि कापड विणायचे ते साचाखाते. साचा म्हणजे माग. साचेवाल्याला पगार जास्त, मान जास्त. आणि त्या साचाखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता! आपली माणसे रिंग खात्यात आणि झाडलोटीच्या, ओझ्याच्या कामात. पिण्याच्या पाण्याचे माठही कित्येक गिरण्यांत वेगळे.

कारण काय सांगत? तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावणार, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. तोंडाने सूत ओढणे हे मुळात फुफ्फुसाला घातक. ते बंद करा, हाताने ओढायची सोय करा, अशी मागणी सगळ्यांनी मिळून करायला हवी होती. पण तोट्याची रीत चालू राहिली आणि तिचे निमित्त करून आपल्या माणसाला जास्त पगाराच्या दारातून परत पाठवले गेले. विटाळाचा धर्म आणि पगाराचा हिशेब यांची अशी सांगड होती. हे दार मालकाने लावलेले नव्हते. ते शेजारच्या खात्यातल्या, आपल्यासारख्याच उपाशी कामगाराने लावलेले होते. ही गोष्ट कडू आहे, पण खरी आहे.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने चालला. कामगारांच्या सतरा मागण्या होत्या. तेव्हा बाबासाहेबांनी आग्रह धरला की अस्पृश्यांना सर्व खात्यांत प्रवेश, ही मागणीसुद्धा त्यात आली पाहिजे. संपाच्या पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने घेतली. पुढे मालकांपुढे ती मागणी गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि ते खोटे बोलत नव्हते! पुढाऱ्यांना मान खाली घालावी लागली.

१९२९ सालच्या संपात तर बाबासाहेबांनी आपल्या कामगारांना कामावर जायला सांगितले. यावरून त्यांना संपफोडे म्हणणारेही निघाले. पण पाहा, आधीच्या संपाने कर्जात बुडालेली, ना जमीन ना सावकारात पत अशी आपली घरे होती. ज्या संपात आपले दुःख यादीच्या शेवटी येते, त्या संपाची किंमत मात्र सगळ्यांत आधी आपणच मोजायची, हा कुठला न्याय? सवर्ण कामगाराला गावी निदान घराचा आसरा होता. आपल्याला गाव म्हणजे पुन्हा तोच वेगळा पाणवठा.

याचा अर्थ बाबासाहेब संपाच्या विरुद्ध होते असा मुळीच नाही. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. खोती नष्ट करण्याचे बिल १९३७ साली त्यांनीच विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. त्याच वर्षी सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे बिल आणले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. त्या वेळी बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी खांद्याला खांदा लावून उभे होते. संध्याकाळी परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. एकोणतीस साली विरोध, अडतीस साली एकजूट. काही लोकांना हे कोडे वाटते, आम्हाला वाटत नाही. आपल्या माणसाचे दुःख दुहेरी होते, एक जातीचे आणि एक पोटाचे. "आधी पोटाचे पाहू, जातीचे नंतर," असे म्हणणाऱ्यांबरोबर जाता येत नव्हते. आणि पोटाचा प्रश्न सोडून नुसत्या जातीच्या प्रश्नावर भाषणे करूनही चालणार नव्हते. दोन्ही एकाच वेळी लढायचे, ही शिकवण परळच्या गिरण्यांनी आपल्याला दिली.

उपासिकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत बायका काम करीत. दिवस भरत आलेली बाई शेवटच्या दिवसापर्यंत उभी, कारण घरी बसली तर पगार बंद. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या मदतीचे बिल आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्याच काळात कारखान्याचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणण्याचे काम झाले. रविवारची सुटी लोखंड्यांच्या पिढीची, आठ तासांचा दिवस बाबासाहेबांच्या पिढीचा. मग आमच्या पिढीने काय केले?

आमचे वडील रिंग खात्यात होते. दर पगाराच्या दिवशी घरी येण्याआधी विहाराची वर्गणी द्यायचे आणि मग आईच्या हातात पाकीट. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. दादरच्या चौपाटीवर अंत्यविधीच्या वेळी लाखो लोक जमले आणि तिथेच कित्येकांनी दीक्षा घेतली. वडील त्या गर्दीत होते. "त्या दिवशी रडत गेलो आणि बौद्ध होऊन परत आलो," एवढेच ते सांगायचे. याहून जास्त आम्ही कधी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही, पण गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. त्या दिवसांत घराघरांतली भांडी विकली गेली. मुलांच्या शाळा सुटल्या. आया-बहिणींनी घरकामे धरली, भाजी विकली, खानावळी चालवल्या आणि घर तगवले. भोंगे थांबले. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले.

आता लक्ष द्या, कारण आजचे बोलणे इथे येऊन थांबणार आहे. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे मिळावीत म्हणून कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. शेवटी २०१२ साली म्हाडाची पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या घरात! आणि अर्जाला पुरावा हवा. १ जानेवारी १९८२ रोजी गिरणीच्या पटावर होता हे दाखवा. तिकीट नंबर, लाल पास, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ई. एस. आय. सी.चे कार्ड.

आमच्या आईने वडिलांचा लाल पास बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होता. ती निरक्षर होती, पण कागद टाकायचा नसतो हे तिला कळत होते. आमचा अर्ज तरी झाला. नंबर अजून लागलेला नाही, तो भाग वेगळा. पण आमच्याच मजल्यावरच्या एका मावशीचे काय झाले? त्यांचे यजमान तीस वर्षे गिरणीत राबले. संपात बिऱ्हाड गावी हलवले, तिथे पावसाळ्यात पेटी भिजली आणि लगदा झालेले कागद कोणीतरी उकिरड्यावर टाकले. मावशी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून थकल्या. तीस वर्षांच्या घामाचा एक चिटोराही त्यांच्याकडे नव्हता. सगळी चाळ साक्षीला होती, पण साक्ष कागदावर नव्हती.

मित्रहो, सामान्य माणसाचा इतिहास हा असा हरवतो. राजाचा इतिहास दगडावर कोरलेला असतो, मालकाचा वहीत असतो, आपला मात्र पत्र्याच्या पेटीत असतो. पेटी गेली की इतिहास गेला, आणि इतिहास गेला की हक्कही गेला. बाबासाहेब पुस्तकांसाठी घर बांधतात, राजगृह उभारतात, आणि आपण त्यांचे अनुयायी आपल्या बापाचा पगाराचा कागद रद्दीत घालतो, हे शोभते का?

तेव्हा आजच्या वर्धापनदिनी आमची एकच विनंती आहे. विहाराने एक जाड वही घ्यावी. प्रत्येक कुटुंबाने त्यात एक पान लिहावे. मूळ गाव कोणते, मुंबईला कोण आणि कधी आले, कोणती गिरणी, कोणते खाते, कोणती पाळी, दीक्षा कधी घेतली, संपात काय सोसले. घरात जे जुने कागद असतील त्यांच्या झेरॉक्स काढून इथल्या कपाटात ठेवाव्यात, मूळ कागद घरीच राहू द्यावेत. ज्येष्ठांना लिहिता येत नसेल तर नातवंडांनी त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावे. मोबाईलवर आवाज टिपता येतो, तोही टिपावा. पण मोबाईल बदलतो, म्हणून वहीत लिहावेच. गौरवाचे तेवढे लिहू नका. दारू लिहा, कर्ज लिहा, भावकीतले भांडण लिहा. आईला लिहा, कारण पटावर तिचे नाव कधीच नव्हते.

भगवान बुद्धांनी सांगितले आहे की कारणावाचून काही घडत नाही. आज आपली मुले बँकेत आहेत, इस्पितळात डॉक्टर आहेत, परदेशात आहेत. तेही कारणावाचून घडलेले नाही. साचाखात्याच्या बंद दाराशी उभा राहिलेला कोणी पणजोबा त्यामागे आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक असायला हवे.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर वही उघडली जाईल. पहिले पान आम्ही लिहिणार आहोत. दुसरे पान, मावशी, तुमचे. कागद नसले तरी चालेल, आम्ही सगळे सह्या करू.



भवतु सब्ब मंगलं! जय भीम!