माल विकायचा की माणसं जोडायची?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या ‘नेटवर्क मार्केटिंग : करावे की करू नये?’ या चर्चेतील भाषणाचे शब्दांकन)



माझ्याआधी बी विंगच्या वहिनी या व्यवसायाच्या बाजूने बोलल्या आणि छान बोलल्या. हातात कागद नाही, कुठे अडखळल्या नाहीत. मी ३७ वर्षं बँकेत काढली, ९ वर्षं या सोसायटीचा खजिनदार होतो, पण वार्षिक सभेत ताळेबंद वाचायला उभा राहिलो की अजून घसा कोरडा पडतो. त्या म्हणाल्या, या धंद्याने मला चारचौघांत बोलायला शिकवलं. ते आत्ता आपण सगळ्यांनी ऐकलंच, त्यामुळे त्यावर वाद नाही.

पण आजचा विषय नुसता वादासाठी घेतलेला नाही. गेलं वर्षभर रविवारी संध्याकाळी हा हॉल ‘बिझनेस प्रेझेंटेशन’साठी मागितला जातोय आणि पुढच्या वार्षिक सभेत तो द्यायचा की नाही हे ठरायचंय. म्हणून मी थोडं हिशेबाने बोलतो. दुसरं मला येतही नाही.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. घरोघरी जाऊन माल विकणं यात वाईट काही नाही. १९९६ मध्ये टपरवेअर भारतात आलं, १९९८ मध्ये ॲमवेने विक्री सुरू केली. आपल्यातल्या कितीतरी घरांत ते डबे आजही पोह्यांसाठी वापरात आहेत, झाकणं हरवली असली तरी. वस्तू दाखवली, पसंत पडली, पैसे दिले, विकणाऱ्याला कमिशन मिळालं. हा सरळ धंदा झाला. प्रश्न सुरू होतो तो पुढच्या वाक्यापासून : ‘तुम्ही नुसतं वापरू नका, तुम्हीही जॉइन व्हा.’

आता आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. ९६ फ्लॅट. एका घराने सुरुवात केली आणि नियम एवढाच की प्रत्येकाने फक्त दोघांना आणायचं. ‘फक्त दोघं’ हे शब्द फार गोड वाटतात. पहिलं घर १, त्याखाली २, मग ४, ८, १६, ३२. बेरीज झाली ६३. पुढच्या पायरीला ६४ घरं पाहिजेत आणि उरलीत ३३. म्हणजे सातव्या पायरीवरच आपली सोसायटी संपली! त्या वेळी ज्यांच्याखाली एकही घर नाही अशी घरं मोजा. शेवटच्या पायरीवरची ३३ आणि तिच्या वरच्या पायरीवरची १५, एकूण ४८. बरोबर अर्धी सोसायटी. या ४८ घरांनी आळस केला, त्यांचा ‘माइंडसेट’ कच्चा होता, असं काही नाही. त्यांना जोडायला माणूसच उरला नाही. आणि ज्यांच्याखाली किमान दोन पायऱ्या आहेत अशी घरं फक्त २४.

कुणी म्हणेल, सोसायटीबाहेर जग मोठं आहे. जाऊ बाहेर. प्रत्येकाने सहा जण आणले तर दहाव्या पायरीला ६ कोटी ४ लाखांहून जास्त माणसं लागतात. बाराव्या पायरीला २१७ कोटींच्या वर, म्हणजे सगळा भारत भरूनही कमीच पडणार. तेराव्या पायरीला पृथ्वी अपुरी. मीटिंगमध्ये फळ्यावर गोल काढतात ना, ते चौथ्या-पाचव्या गोलाला का थांबतात, ते यावरून समजावं.

आपल्या बायकांची भिशी बघा. १२ जणी, दरमहा २,००० रुपये, दर महिन्याला एकीला २४,०००. वर्ष संपलं की जिने जेवढे घातले तेवढे तिला मिळाले. कुणाला आधी, कुणाला नंतर, एवढाच फरक. भिशीत शेवटच्या नंबरालाही पैसे मिळतात. साखळीत शेवटच्या नंबराचे पैसे वरच्यांना मिळतात. मला विचाराल तर सगळं भाषण या दोन वाक्यांतच आहे, पण मला २० मिनिटं दिलीत म्हणून पुढे बोलतो.

कायदा. आपल्याकडे १९७८ पासून ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट’ आहे. सभासद जोडल्यावर झटपट पैसा, अशी योजना चालवणं हा त्याखाली गुन्हा आहेच, पण तिच्यात भाग घेणंसुद्धा गुन्हा आहे. हे दुसरं कुणी सांगत नाही. मग डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. त्यांनी सरळ विक्रीला मान्यता दिली आणि पिरॅमिड योजनेला बंदी केली. त्यात एक नियम आपल्या वॉचमनने पाठ करावा असा आहे. ओळखपत्र असल्याशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचं नाही. दुपारी अडीचला बेल वाजवून ‘काकू, दोनच मिनिटं’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय.

कायदा असूनही माणसं फसतातच. २०११ ची स्पीक एशियाची गोष्ट आठवत असेल. ११,००० रुपये भरा, घरबसल्या इंटरनेटवर सर्व्हे भरा, दर आठवड्याला १,००० कमवा, आणि आणखी माणसं आणली तर बोनस. त्यात विकायला साबणसुद्धा नव्हता. लाखो लोकांनी पैसे भरले. मग पैसे मिळणं थांबलं आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. भरणारे अडाणी नव्हते हो. इंटरनेट वापरणारी, शिकलेली माणसं होती.

वहिनींनी मगाशी एक मुद्दा काढला, तो मात्र बिनतोड वाटण्यासारखा आहे. त्या म्हणाल्या, एलआयसीचा एजंटसुद्धा ओळखीच्यांनाच गाठतो, मग त्याला कुणी का बोलत नाही? बोलतात वहिनी, लग्नात त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसत नाही! पण फरक असा की तो परीक्षा देऊन एजंट होतो, पॉलिसी विकतो, आणि पॉलिसी घेणाऱ्या प्रत्येकाला ‘आता तुम्हीही एजंट व्हा’ म्हणत नाही. त्याचं गिऱ्हाईक गिऱ्हाईकच राहतं. साखळीत गिऱ्हाईक नसतंच, सगळे दुकानदार. म्हणून मी जॉइन होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : जो कधीच सभासद होणार नाही, असा माणूस ही वस्तू या भावाला विकत घेईल का? घेईल असं वाटत असेल तर खुशाल करा.

आता कमाईचं. आपल्याच एका सभासद भगिनींनी त्यांची वर्षाची वही मला तपासायला दिली. त्यांच्या परवानगीने आकडे सांगतो, नाव सांगत नाही. कंपनीकडून वर्षभरात कमिशन आलं २३,४०० रुपये. सगळ्यांना हाच आकडा सांगितला जात होता. आता खर्च बघा. ‘ॲक्टिव्ह’ राहायला दरमहा ३,५०० ची खरेदी, वर्षाचे ४२,०००. हॉटेलमधल्या सेमिनारची तिकिटं आणि प्रवास १४,५००. पेट्रोल, फोन, लोकांना फुकट दिलेले नमुने ७,२००. एकूण ६३,७००. आलेल्या मालापैकी बाहेर विकून ११,००० मिळाले. घरात वापरलेल्या वस्तू किराणा दुकानातून आणल्या असत्या तर १६,००० लागले असते, तेही जमेला धरू. जमा ५०,४००. तूट १३,३००. बाकीचा माल दिवाणाखाली, त्यातल्या काही बाटल्यांची मुदत संपलेली. आणि त्या बाईंच्या वर्षभरातल्या संध्याकाळी मी धरलेल्याच नाहीत. त्यांनी वही लिहिली म्हणून हे कळलं. बहुतेक जण लिहीत नाहीत.

पैशाचं नुकसान एक वेळ भरून निघतं. पहिल्याच मीटिंगला १०० ओळखीच्या माणसांची यादी करायला लावतात. आपल्याकडे ती यादी तयारच होती, सोसायटीची टेलिफोन डिरेक्टरी! त्यानंतर काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. ‘जेवण झालं का?’ म्हणून फोन आला तरी पलीकडून आता काय निघणार, अशी धास्ती. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये ठरावीक माणूस दिसला की गुडघे दुखत असूनही जिन्याने जातात. ते समोर बसून हसतायत, पण खोटं सांगत नाही मी.

आणि एक गोष्ट हसण्यासारखी नाही. आपल्या तीन घरी पोळ्या करणाऱ्या मावशींना यात आणलं गेलं. ‘ताईंना नाही कसं म्हणायचं?’ म्हणून त्यांनी बचत गटातून ८,५०० काढून भरले. बदल्यात रसाच्या बाटल्या मिळाल्या. मीटिंगमध्ये त्यांना सांगितलं गेलं की हा रस चालू केला की शुगरची गोळी हळूहळू सुटते. त्यांच्या नवऱ्याची गोळी १७ दिवस बंद होती. त्याला चक्कर आली, दवाखान्यात शुगर ४०० च्या वर निघाली. आता बरा आहे. बचत गटाचा हप्ता अजून चालू आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, पण तोंडी सांगितलेल्याची पावती नसते. मावशींची ‘ताई’ कोण, ते मला विचारू नका. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं होतं.

तर हॉलबद्दल. मी सरसकट बंदी मागत नाही. बंदी घातली तर मीटिंगा घराघरांत होतील आणि आपल्याला कळणारही नाहीत. माझं म्हणणं असं की हॉलच्या अर्जावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता, सभासद होण्यासाठी किती पैसे घेतले जाणार, माल परत केला तर किती दिवसांत पैसे मिळणार, आणि बोलणाऱ्याने स्वतः मागच्या वर्षी कमिशन किती मिळवलं व खर्च किती केला. खाली सही. शिवाय सोसायटीत काम करणाऱ्या बायका, वॉचमन, सफाई कामगार यांना अशा कार्यक्रमाला बोलवायचं नाही. ज्यांचा पगार आपण देतो, ते आपल्याला ‘नको’ म्हणू शकत नाहीत.

अर्जाचा कच्चा नमुना सेक्रेटरींकडे दिलाय. वहिनींना चौथ्या कलमावर हरकत आहे, हे मला मघापासून त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंय. त्यांनी ती आत्ताच मांडावी, म्हणजे सभेत वेळ जाणार नाही. हा घ्या वहिनी, माइक.