मांगी-तुंगी : दोन शिखरांमधील वाट
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात, ताहराबादच्या पुढे, सेलबारी-डोलबारीच्या ओसाड रांगेत एकाच पर्वताची दोन शिखरे उभी आहेत. मांगी सुमारे ४३४३ फूट, तुंगी सुमारे ४३६६ फूट. पायथ्याच्या भिलवाड गावापासून सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत. राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील यांच्यासह नव्व्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी आपली श्रद्धा आहे.

मला मात्र आज बलभद्रांविषयी बोलावयाचे आहे. जरत्कुमाराच्या बाणाने श्रीकृष्णांचा देहान्त झाला. परंतु बलभद्रांच्या मनास ते पटेना. हरिवंशपुराणात वर्णन आहे की, सहा महिने त्यांनी तो देह खांद्यावर वाहिला. त्याला न्हाऊ घातले, जेवू घालण्याचा प्रयत्न केला. ज्ञानी माणूसही असा शोकाने वेडा होतो! अखेर देवाने प्रतिबोध केला आणि तुंगीगिरीवर अंत्यसंस्कार झाला. दोन शिखरांना जोडणाऱ्या वाटेवर ते दहनस्थान आजही दाखवितात. बलभद्रांनी मुनिदीक्षा घेतली. त्यांचे रूप पाहून पाणवठ्यावरील एका स्त्रीने भान हरपून घड्याऐवजी मुलाच्याच गळ्यात दोर अडकविला, तेव्हा त्यांनी नगरात न जाण्याचा नियम केला. मांगीवरील त्यांची मूर्ती पाठमोरी आहे, मुख पर्वताकडे. दर्शनाला जावे आणि मुख दिसू नये, असे दर्शन मी अन्यत्र घेतलेले नाही.

गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने साकारलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंच अखंड पाषाणमूर्ती २०१६ साली पूर्ण झाली. तिच्या दर्शनाने कोणाचेही मस्तक नमते. तेथवर जाण्याची सोयही झाली आहे. वृद्धांना तिचे मोल विचारा. पण धडधाकट तरुणही मूर्तीचे दर्शन घेऊन, छायाचित्रे काढून तेथूनच परततात, हे मी पाहिले आहे. मधली वाट, शुद्ध-बुद्ध मुनींच्या गुहा, तुंगीवरील चंद्रप्रभूंची गुहा, सारे राहून जाते.

म्हणून विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. आपल्या यात्रेच्या कार्यक्रमात मांगी-तुंगीसाठी अर्धा दिवस न ठेवता पूर्ण दिवस ठेवावा. पहाटे अंधारातच पायऱ्या चढाव्या, म्हणजे उन्हाआधी मांगी होते. मग दहनस्थानाशी सर्वांनी थोडा वेळ बसावे. ज्यांच्या घरी या वर्षी कोणी गेले असेल, त्यांना तेथून उठविण्याची घाई करू नये. त्यानंतर तुंगी.

जय जिनेंद्र.