मंदगती जीप आणि तापणारे इंजिन

जैसलमेरच्या पलीकडील वाळूत शिरलेली जीप ताशी ८-१० किलोमीटरने चालत असते आणि तापमानदर्शकाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागतो. हीच गाडी डांबरी सडकेवर वेग घेताच निवते. दोष कोठे शोधावा, याचे उत्तर या लक्षणातच आहे. वेगात असताना वारा आपोआप रेडिएटरमधून वाहतो. मंद गतीत सारा भार पंख्यावर पडतो. वारा पाठीमागून असला, तर विचारायलाच नको.

म्हणून तपासणी पंख्यापासूनच सुरू करावी. पुष्कळ गाड्यांत तो सिलिकॉन तेल भरलेल्या जोडणीतून फिरतो. तापलेले इंजिन बंद करून पाते हाताने ढकलावे; पंखा काहीही अडथळा न होता गरगरत राहिला, तर तेल गळून गेले आहे असे समजावे व जोडणी बदलावी. पंख्याभोवतीचे आवरण तर कित्येक जण दुरुस्तीच्या वेळी काढतात आणि पुन्हा बसवीतच नाहीत! त्यावाचून पंखा तीच तापलेली हवा घुसळत राहतो. रेडिएटरच्या जाळीतील चिखल इंजिनाच्या बाजूने, बेताच्या जोराने पाणी मारून काढावा.

वाटेतच काटा चढला, तर थांबून, गिअर काढून इंजिनाची गती किंचित वाढवावी. इंजिनावर चालणारा पंखा व पाण्याचा पंप दोन्ही वेग घेतात. झाकण मात्र उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असते. दाब सुटताच ते उकळून अंगावर उसळते.